आबांच्या नावाचं रगत

म्हसवड, १९४६

अर्जुनादादाला गुंडाचा रामराम.

दादा, आदी कबूल करतो. सांगलीच्या दवाखान्यात आबांच्या नावावर मी माजं रगत दिलं.

आबांच्या गळ्यातल्या गाठीवर किरणांच्या मशिनीचा झोत मारला. गाठ बसली, पर तोंड कोरडंठाक पडलं. डाक्तर म्हणालं, लाळ सोडणाऱ्या गाठी झोतानं किती करपल्या ते रगतात कळंल. आबा म्हणालं, "करपल्या असतील तर सनई सिद्धनाथाच्या पायावर ठिवतो. सनईच्या तोंडाची पत्ती लाळंनं भिजल्याबिगर सूर न्हाई." मग बाकावर त्यांचा डोळा लागला. कंपौंडरनं "नाथाजी गुरव" अशी हाळी दिली, तवा मीच दंड म्होरं केला.

रगत चांगलं निघालं. अठरा वर्साचं हाय, निघायचंच.

आता आबा रोज सकाळी पत्ती ओठात धरून बसत्यात. आठवतं का, वरातीत मी म्होरं चिच खायचो, आबांच्या तोंडाला पाणी सुटून सनई फुसफुसायची, आन तू मला बडवायचास? काल आबाच म्हणालं, "गुंडा, म्होरं बस. चिच खा, मिटक्या मारून."

मी खाल्ली. माज्याच तोंडाला पाणी सुटलं.

"रगत चांगलं हाय न्हवं," आबा म्हणालं, "मग लाळ यील. अर्जुनाच्या लग्नात वाजवायचीया."

दादा, कवा येतोस रं? तुज्याबिगर मला बडवायला बी कोण न्हाई.

पलटणीत पत्रं फोडून वाचत्यात म्हणं, म्हून हे न धाडता घरातल्या तुज्या पेटीतच ठिवतो. कवा तुज्या हाताला लागलं तर पाया पडतो, कुणाला सांगू नगंस. आबांना तर न्हाईच न्हाई.

तुजा मार खायला थांबलेला,
गुंडा