खेकडे दोन, तात्या

प्रिय तात्या,

काल आपल्या प्राणिशास्त्र विभागात तुमची शोकसभा झाली. तिथून तोंड कडू करून घरी आले, म्हणून आज लिहायला बसले. मेल्यावर तुमचा केवढा मान वाढला म्हणून सांगू! ज्या सरांनी जन्मभर "ए, बरण्या धू" अशीच हाक मारली, ते काल तुमच्या फोटोला हार घालून "अनमोल सहकारी" म्हणत होते. पुढे म्हणाले, अंदमानच्या संशोधनात या स्थानिक मदतनीसाचा फार उपयोग झाला.

स्थानिक! शाहूवाडीचा माणूस अंदमानात स्थानिक कसा, हे सभेत कुणालाच खटकलं नाही. तुम्ही आमच्याच बोटीतून गेला होतात की. उलट्या सरांना होत होत्या आणि बादली तुम्ही धरली होती. पुढचे पंधरा दिवस साहेब विश्रामगृहात पंख्याखाली बसून बेटांची जैवविविधता वाचवत होते.

खेकड्यांच्या बिळांपाशी पालथे पडायचे ते तुम्ही. भाताच्या बांधाला भोक कोण पाडतं, हे ज्याला लहानपणापासून शोधावं लागलं, त्याला पुस्तक कशाला लागतंय? दोन सकाळी बघितलंत आणि सरांना सांगितलंत, "सर, ह्यो एक न्हाय, दोन हाईत. एक माती बिळाच्या तोंडाला लिंपतोय, दुसरा लांब नेऊन टाकतोय. घर बांधायची रीतच येगळी हाय की."

सर हसले. हे तुमच्या बांधावरचे खेकडे नव्हेत, म्हणाले. मीही हसले, तात्या. माझ्या पीएच.डी.वर त्यांची सही व्हायची होती ना! भित्री म्हणा, लाचार म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा.

पण तुम्ही तरी गप्प का बसलात? कँटीनचा चहा पातळ झाला तर अख्खी इमारत डोक्यावर घेणारे तुम्ही! मोठ्या माणसांना कळतंय म्हणालात आणि बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवायला गेलात. त्या साधेपणाचा मला अजून राग येतो.

यंदा डीएनए तपासणीचा निकाल आला. जाती खरंच दोन निघाल्या. लगेच सरांना आठवलं, ही शंका त्यांना पहिल्या दिवसापासून होती म्हणे. पंख्याखाली आली असेल. छापायला पाठवलेल्या शोधनिबंधात पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं, आणि शेवटी आभाराच्या ओळीत एक 'स्थानिक मदतनीस', तोही बिननावाचा.

दवाखान्यात तुम्ही विचारलंत, "आलं काय छापून, आपल्या खेकड्याचं?" मी म्हणाले, आलं, तुमच्या नावासकट. केवढे खूश झालात! इतकं सफाईनं खोटं बोलायला मी याच विभागात शिकले.

काल सभा संपल्यावर काकू माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "ह्यांचं नाव आलेला त्यो कागद दे की. फोटोजवळ लावायचा हाय." सर शेजारीच उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं.

निबंध अजून छापायचाय. दोन जाती पहिल्यांदा कुणी ओळखल्या, ते आज सकाळी मी संपादकांना कळवलं. सोबत माझ्या अंदमानच्या वहीतली, तुमचं बोलणं तारखेसकट टिपलेली पानं जोडली. सर म्हणतील, पोरगी कामातून गेली. म्हणू देत. तात्या, वचन देते, लेखकांत तुमचं नाव छापलं जाईल, नाहीतर माझं काढलं जाईल. आणि उद्या मलकापूरची एसटी धरून तुमच्या घरी जाणार आहे. कागद अजून नाही, त्यांचा नवरा मरणाच्या दारात असताना मी त्याच्याशी खोटं बोलले, हे काकूंना त्यांच्या तोंडावर सांगणार आहे.

तुमचीच,
सुजाता