भिंत खाल्लेली खरबुजं

आदरणीय बेकजान आपा,

छातीवर हात ठेवून, कंबर परवानगी देईल तेवढं वाकून सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? रजबबाय भावजींचा खोकला? गाय व्याली का? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. घाईत लिहितोय, अक्षर लावून वाचा.

आपा, यंदाची माझी खरबुजं पाहाल तर तोंडात बोट घालाल. पानं गाढवाच्या कानाएवढी. वसंतात खतवाला दारात पोती उतरवायला आला, तेव्हा त्याला चहा पाजला आणि पोत्यांसकट परत पाठवला. माती धडधाकट असली की पीक आपसूक बाळसं धरतं, पोत्यातलं खत म्हणजे म्हाताऱ्या बैलाला पराणी टोचून पळवणं, हे मी चहाखान्यात चार माणसांत बोललो (मग चाळीस माणसांत बोललो, चहाखान्यात माणूस वाहवतो). वाफ्यात कालव्याचा गाळ घातला, वर्षभर कुजवलेलं थोडं शेण घातलं, आणि आपले बाबा घालायचे ती जुन्या कच्च्या भिंतीची माती. तिच्या पायथ्याला जो पांढरा, खारट लोणा चढतो, त्यातच सगळा कस. वेलाला मूठभर पुरते.

पडक्या गोठ्याची भिंत होती, ती पंधरा दिवसांत संपली. (तिथंच थांबलो असतो तर हे पत्र नुसतं तुमच्या गुडघ्यांबद्दल असतं.) पण मुठीनं एवढी पानं, तर घमेल्यानं केवढी, असं मनात आलं, आणि शेजारीण ओगुलजान आणि आमच्यामधली भिंत दिसली. चांगली हातभर जाड, आमच्या बाजूनं दुधीच्या वेलाचा पडदा. रोज पहाटेचा नमाज झाला की एक घमेलं, तेही पायथ्याचं.

परवा कुदळ लोण्यात सुरी जावी तशी गेली आणि भोकातून उजेड आला. डोळा लावला, तर पलीकडून ओगुलजानची कोंबडी माझ्याकडे बघत होती. मी तिला गप्प राहायची खूण केली (घाबरलेला माणूस कोणालाही खुणा करतो) आणि चिखल लिंपला. आता वारा सुटला की भिंत श्वास घेते.

येत्या शुक्रवारी ओगुलजानच्या नातवाच्या सुंतेची मेजवानी आहे. साठ माणसं. गाद्या तिच्या अंगणात याच भिंतीलगत घालणार, जेवल्यावर पाठ टेकायला बरं म्हणून. काल ती आमंत्रणाला आली. दारापासून सर्वांत लांबची, मानाची जागा मला, नेमकी त्या भोकापाशी, आणि शेजारी नव्वदीचे इमामसाहेब. मी म्हटलं, मला दाराशीच बसू दे, वारा लागतो. ती म्हणाली, "मतकरीम आका, तुम्ही दाराशी बसलात तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

तेव्हापासून डोळे मिटले की साठ पाठी एकदम टेकताना दिसतात. सानोबरला सगळं सांगितलं. चाळीस वर्षं माझ्यावर हसणारी बायको हसली नाही, तेव्हा मी खरा घाबरलो. म्हणाली, "भिंतीनं खरबुजं पोसली ना? मग आता खरबुजं भिंतीला पोसतील." म्हणजे वाफा उकरून ती माती परत भिंतीला लावायची, पिकायला तीन आठवडे उरले असताना. मी विषय बदलला.

तब्येतीला जपा. पत्र बसवाल्याच्या हाती देतो, आज सोमवार, संध्याकाळपर्यंत पोचेल.

तुमचा धाकटा भाऊ,
मतकरीम

ता. क. भावजींनी उमेदीच्या काळात अर्ध्या गावाच्या भिंती घातल्या. बुधवारी ते सहज, हवापालटाला म्हणून, इकडे आले तर? सानोबर पुलाव करेल.

ता. क. दुसरा. शेवटी कुदळ घेतली. अर्धा वाफा उकरला. दोन मुठींएवढी खरबुजं सानोबरनं लोणच्याला नेली. मी जरा रडलो, पण इमामसाहेबांच्या पाठीपेक्षा खरबूज मोठं नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो, तोच ओगुलजान गरम रोटी घेऊन आली. चेहरा पांढराफटक. खाली बघत म्हणाली, "आका, रागावू नका. तुम्ही चहाखान्यात जुन्या मातीचं सांगितलंत, ते माझ्या मुलानं घरी येऊन सांगितलं. तेव्हापासून मी टोमॅटोंना तुमच्या-माझ्या भिंतीचीच माती घालतेय."

आपा, बुधवार विसरा. भावजींना उद्या पहिल्या बसनं पाठवा. घमेलं आणू नका म्हणावं, इथं दोन आहेत. एक भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे.