झोनमधला खांब आणि बाकावरचा मी

तीर्थस्वरूप मावशी,

एक गुडघा टेकून नमस्कार. (दुसरा सुजलाय, तोही टेकला असं समजून घे.) तुझी तब्येत कशी आहे? काकांचा खोकला? इथे मी मजेत, आणि तुझा लेक लांब्या माझ्याहून मजेत. त्याचंच सांगायला बसलोय.

हे माझं तिसरं कॉलेज. (दुसरं का सुटलं ते कधीतरी भेटीत सांगेन, त्यात गेटावरच्या कुत्र्याची चूक जास्त होती.) इथे टिकलोय तो निव्वळ बास्केटबॉलपायी. आणि लांब्याला कोर्टवर आणला तोही मीच, कारण मला पाणी आणून द्यायला कुणीतरी हवं होतं. आता लांब्या पाचांत खेळतो आणि बाटल्या माझ्या मांडीवर असतात.

आमच्या सरांचं सगळं प्रेम झोनवर. झोन म्हणजे समोरच्या माणसाला धरायचं नाही, जमिनीचा आपला तुकडा धरायचा. तिथे कुणी घुसला तर हात वर करून आडवं व्हायचं, पण बॉल शेजाऱ्याकडे गेला म्हणून जागा सोडायची नाही. तू मला लहानपणापासून बघतेस. शेजारी भांडण जुंपलंय आणि मी घरात बसलोय, असं कधी झालंय? बॉल जिकडे, मी तिकडे. मग माझ्या मोकळ्या तुकड्यातून समोरचे बागेत फिरायला आल्यासारखे बास्केटपर्यंत जातात. (मी कधीकधी बॉल हिसकावतोही, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.) लांब्या मात्र खांबासारखा उभा. डोक्यात काही नसलं की माणूस छान उभा राहतो. सर म्हणतात, "याला म्हणतात शिस्त!" घरी आपण याला आळस म्हणायचो, हो ना?

बाकाचंही सरांचं शास्त्र आहे. थोड्या थोड्या वेळाने ते ताजे गडी आत सोडतात, म्हणजे समोरचे दमतात, आपले नाही. सगळे आत जाऊन येतात, मी सोडून. मी इतका ताजा आहे की विचारू नकोस. परवा सेमीफायनलला लांब्याचे चार फाउल झाले. पाचवा झाला की खेळाडू बाहेरच, म्हणून सरांनी त्याला जरा बसवला. मी जॅकेट काढून तयारच होतो. (वाईट चिंतलं नाही, फक्त जॅकेट काढलं.) सरांची नजर बाकावर फिरली, माझ्यावरून घसरली, नाइलाजाने परत आली. म्हणाले, "जा. आणि बाबा रे, नुसता उभा राहा." राहिलो की! पायाला मुंग्या येईपर्यंत राहिलो. मग पलीकडच्या कोपऱ्यात बॉल दिसला. बाकावर परत आलो तेव्हा माझी जागा अजून गरम होती. लांब्या पुन्हा आत गेला, पाचवा फाउल न करता खेळला, सामना जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आधीच एवढ्या उंच माणसाला आणखी वर कशाला न्यायचं, तूच सांग! वर माझ्याकडून बाटली घेताना म्हणतो कसा, "दादा, तू पळालास मात्र झकास."

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार.

तुझा लाडका (निदान पूर्वी होतो तो),
भाचा

ता.क. लांब्या फार वाळलाय गं. शनिवारी फायनल आहे, पण तिचं काय एवढं! शुक्रवारीच त्याला घरी बोलावून घे. तुझी कंबर धरलीय म्हणून सांग. (फार धरलीय म्हणू नकोस, तो रडतो.) त्याच्या जागी इथे कुणीतरी बघू.

ता.क. २ थांब, बोलावू नकोस! आत्ताच सरांनी फायनलचा डाव सांगितला. समोरचा मुख्य खेळाडू एका जागी ठरतच नाही, म्हणून चौघांनी झोन धरायचा आणि एकाने त्याच्या मागे कोर्टभर पळायचं. सर म्हणाले, "त्यांचा भटक्या, त्याच्या मागे आपला भटक्या." पहिल्या पाचांत मी, मावशी! अट एकच, मी चुकलो तर सावरायला मागे लांब्या हवा. तो नसेल तर मीही बाकावर. वरचं ता.क. फाडून टाकलं असतं, पण त्याच कागदाच्या मागच्या बाजूला काकांचा खोकला आहे.

ता.क. ३ हा डाव सरांना सुचवला कुणी, ते आत्ता कळलं. लांब्याने! म्हणजे आता उपकारही त्याचेच. शनिवारी तू येच. फक्त ओरडताना आधी माझं नाव घे.