बर्फाची आगोट

टोरंटो, १२ ऑक्टोबर

सौ. मनोरमेस आशीर्वाद.

आम्ही सगळी मजेत. फोनवर बोलताना शमिका शेजारीच असते, मोकळं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

इथे पेपरात सवलतीची कुपनं येतात. ती कापून मी डाळ-तांदूळ निम्म्या दरात आणतो. बर्फ पडल्यावर दोन जिवांची आपली शमिका दुकानात कशी जाणार? आपण पावसाआधी चार महिन्यांची आगोट भरतो, तशी इथे पलंगाखाली भरून ठेवली. जावई हसतात, हसू देत.

कडुनिंबाचा पाला मिळेना, कीड लागू नये म्हणून डाळीत तमालपत्र घातलं. चालेल ना?

डबे भरताना माझी कंबर धरली. शमिकाला बोललो नाही. चाळीस वर्षं मी नुसती पोती आणून टाकली. निवडणं, वाळवणं तुझ्यावर. वेळणेश्वरच्या घरची पुढची आगोट मी भरणार. तू खुर्चीत बसून माझ्या चुका काढ.

तुझा
दत्ताराम