आधी छापलेली बातमी

शुक्रवार, ९ सप्टेंबर १९४९

डोळ्याला डोळा लागला नाही. कालच्या पेपरात आलंय, होझिया बुधवारी रात्री तुरुंगातून पळाला. आणि मी काल, गुरुवारी दुपारी, त्याला, माझ्या नवऱ्याला, तुरुंगात डबा देऊन आले की!

गोऱ्या बाईंकडचे इस्त्रीचे कपडे त्या पेपरात गुंडाळून आले. मी पाचवी शिकलेली, बोट ठेवून वाचते. तीनदा वाचलं. "मालकाच्या मुलावर हल्ला करणारा काळा फरार. शेरीफची माणसं मागावर." हल्ला म्हणे! त्या पोराने कापसाच्या जिनिंग कारखान्यात म्हाताऱ्या एबनरवर चाबूक उगारला, होझियाने त्याचं मनगट धरलं. एवढंच.

काल खिडकीच्या गजातून तो बोलला ते आत्ता कळतंय. "ओझी, रात्री त्यांनी कोठडीचं दार उघडं टाकलं. जा म्हणाले घरी. मी भिंतीला पाठ लावून बसलो. हललोच नाही."

मी म्हटलं, "वेडा का तू? यायचं ना!"

तो हसला. "मक्याच्या भाकरीत मीठ घाल जरा उद्या."

सकाळीच विनीमावशीकडे गेले. ती त्या पेपरच्या छापखान्यात फरशी पुसते. वाचता येत नाही म्हणूनच तिला ठेवलीय. ती म्हणाली, "पोरी, गुरुवारचा पेपर ते बुधवारी दुपारीच छापून टाकतात."

दुपारी! आणि पळाला म्हणे रात्री!

म्हणजे बातमी आधी, आणि गोळी मागून. तो दाराबाहेर पडला असता तर —

मावशी म्हणाली, "रडू नको. सायलसकाकाला सांगते." तो आगगाडीत पोर्टर आहे, झोपायच्या डब्यात चादरी घालतो. मेम्फिसहून 'लँटर्न' पेपर तोच आणतो, चादरींच्या आत लपवून. आपल्या लोकांचा पेपर.

शनिवार, १० सप्टेंबर

'लँटर्न'चे मिस्टर रो आले. प्रीचरचा काळा कोट, हातात बायबल, वाटेत कोणी अडवू नये म्हणून. दारातून म्हणाले, "मिसेस प्रुइट?"

मी मागे वळून पाहिलं. वाटलं सासूबाई थडग्यातून उठून आल्या! मला कोणी मिसेस म्हणत नाही. गावच्या पेपरात तर आपल्या बायका नुसत्या नावाच्या — ओझेला, रूथी — कुत्र्यामांजरांना हाक मारल्यासारखं.

त्यांनी गुरुवारचा पेपर मागून घेतला. घडी घालून बायबलमध्ये ठेवला. मग विचारलं, "तुमचं नाव छापू का? नाही म्हणालात तरी चालेल. पण नाव असलं तर शिकागोचे, वॉशिंग्टनचे लोक शेरीफला फोन करून विचारतील, तो माणूस कुठे आहे दाखव. मग त्याला हात लावणं जड जाईल."

"आणि मला?"

त्यांनी बायबल मिटलं. खोटं बोलले नाहीत, हे बरं केलं.

आमची तान्ही पोर व्हर्डेल त्यांच्या मांडीवर होती. त्यांचं बटण चोखत होती. मी म्हटलं, छापा.

रविवार, ११ सप्टेंबर

चर्चमध्ये घाबरून माझ्या बाकावर कोणी बसलं नाही.

मंगळवार, १३ सप्टेंबर

'लँटर्न' आला! पहिलं पान. "माझा नवरा पळालेला नाही — मिसेस ओझेला प्रुइट." मिसेस! बोट फिरवलं, शाई बोटाला लागली. धुतली नाही.

विनीमावशी म्हणाली, "वाच परत." चारदा वाचून दाखवलं. मग म्हणते, "आता मला पण मिसेस म्हण बाई, फुकट आहे तोवर."

हसलो दोघी.

बुधवार, १४ सप्टेंबर

जेलर दारातच. "या मिसेस! सकाळपासून फोन खणखणतोय तुझ्यापायी." डबा उलटा केला, भाकरी बुटाने ढकलली. पण खिडकीपाशी जाऊ दिलं. द्यावंच लागलं!

होझियाचा ओठ फुटलाय. म्हणाला, "आहे अजून, ओझी. रोज ये. तू पाहिलंस की मी आहे."

परतताना विनीमावशी भेटली. आज तिला छापखान्यातून दुपारीच घालवलं. फरशी पुसू न देता. असं कधी झालं नाही म्हणे.

गुरुवार, १५ सप्टेंबर

पेपर आला. माझं नाव आहे. मिसेस नाही.

"फरार काळ्याची बाई ओझेला काल रात्री मूल घेऊन गाव सोडून गेली. ठावठिकाणा नाही."

मी इथे आहे. हेही काल दुपारीच छापलं असणार; रात्री कोणी आलं नाही, म्हणजे अजून यायचे आहेत. चुलीपाशी. भाकरी भाजतेय, मीठ जास्त घातलंय.

आज पळाले तर त्यांचं खरं होईल, आणि होझियाला बघायला कोणी उरणार नाही. डबा घेऊन जातेय. व्हर्डेलला विनीमावशीकडे ठेवलंय, ही वहीही तिच्याकडेच देते. तिला वाचता येत नाही. आपल्याला वापरता येईल असा फोन गावात एकच, गोऱ्याच्या दुकानात, आणि तो कान देऊन ऐकतो.

म्हणून जो कोणी हे वाचेल — माझ्या भावाला फोन करा. क्लीओफस टेट, शिकागो, डेंटनचं केस कापायचं दुकान. नंबर शेवटच्या पानावर. पोरीला घेऊन जा म्हणावं. आणि सांगा, ओझी कुठेही गेलेली नाही.