चिठ्ठीवरचं नाव

जळगाव,
१२ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. कमल हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तू पिंपळनेरला सुखरूप पोहोचलीस हे तुझ्या वडिलांच्या कार्डावरून कळलं. "पोर बोलत नाही, जेवते मात्र," एवढंच झुलालआबांनी लिहिलंय. जेवतेस हे बरं आहे. त्यांना माझा नमस्कार सांग.

थंडी अजून हटत नाही. रविवारी भिकुबाईंनी मेसमध्ये भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. तिखट असं की निम्म्या पोरी नाक पुसत जेवल्या. वाढता वाढता त्यांनी मला विचारलं, "कमल कशी शे, बाई?" मी "बरी आहे" म्हणाले. मला काय ठाऊक होतं?

तुझी नर्सिंगची टोपी नि ॲप्रन तुझ्या मैत्रिणीने, शहजादीने धुऊन, इस्त्री करून ठेवलेत. प्रॅक्टिकलच्या खोलीतल्या सांगाड्याला कुणीतरी मफलर गुंडाळलाय. मी ओरडले, पण काढायला लावला नाही.

बघ, सांगाड्याबद्दल लिहितेय. रोज कागद घेऊन बसते आणि भरीत, थंडी, मफलर यापुढे सरकत नाही. वर्गात मात्र तुम्हाला दरडावते, सुई टोचायची तर टोचा, पेशंटच्या दंडाशी खेळत बसू नका.

तर त्या दिवशीच्या खेळाचं.

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा लिहिते. ते माझ्या हातून लिहून व्हायला हवं. तोंडी परीक्षेत तुम्ही पोरी थरथर कापता, येत असलेलंही विसरता. म्हणून मी हा वॉर्डचा खेळ काढला. डब्यातून चिठ्ठी उचलायची, तिच्यावर पेशंटचं नाव, आजार आणि औषध. एकीने खाटेवर पेशंट होऊन पडायचं, दुसरीने नावाने हाक मारून, खात्री करून मगच इंजेक्शनची तयारी करायची. पायरी चुकली की वर्गाने "चुकलं" म्हणून ओरडायचं. गुण खरे, परीक्षेत धरायचे. आणि खेळ खरंच चांगला होता गं. तोंडी परीक्षेत माझ्यासमोर एक शब्द न काढणारी तू खेळात उतरलीस की तुझे हात बघत राहावे असे चालायचे.

एकच खोट होती. तुझ्या मालकांच्या नावाचा एक म्हातारा हॉस्पिटलच्या खऱ्या वॉर्डात होता. त्याच्या खाटेपाशी आलं की तू शहजादीला पुढे करायचीस. मला त्याचा राग यायचा. शिकलीसवरलेली मुलगी, आणि नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणते! मी ठरवलं, ही सवय मोडायचीच.

इथवर लिहिताना मी अजून शिक्षिकाच आहे. पुढचं तसं नाही.

त्या दिवशी मुंबईहून नर्सिंग कौन्सिलचे पाहुणे खेळ बघायला आले होते. पहिल्या पोरींच्या वेळी ते जांभया देत होते. मला त्यांना हसवायचं होतं, कमल. तुझी सवय मोडायची होती हे खरं, पण ती एकांतात बोलूनही मोडता आली असती. मला हशा हवा होता.

तुझी पाळी आली तेव्हा मी डबा बदलला. सकाळीच तयार करून ठेवलेला दुसरा डबा पुढे केला. म्हणजे हे ऐन वेळी सुचलं असंही मला म्हणता येत नाही.

तू चिठ्ठी उघडलीस. थांबलीस. मग खाटेवर पडलेल्या शहजादीजवळ जाऊन विचारलंस, "बाबा, तुमचं नाव सांगा बरं." किती सरळ वाट काढली होतीस! खेळाच्या नियमातही ते बसत होतं. शहजादी सांगणार एवढ्यात मी ओरडले, "पेशंट बेशुद्ध आहे!" चिठ्ठीवर तसं काही नव्हतं. पाहुणे हसले, वर्ग हसला, शहजादीला डोळे मिटावे लागले.

तू हळूच म्हणालीस, "माले ते नाव लेता येत नई, बाई. दुसरी चिठ्ठी उचलू का?" घाबरलीस की तुझी घरची बोली येते, हेही मला माहीत होतं. मी उदारपणे म्हटलं, "उचल की."

दुसऱ्या चिठ्ठीवरही तेच नाव होतं. त्या डब्यातल्या सगळ्याच चिठ्ठ्यांवर होतं.

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं. वर्गासमोर एक शब्द बोलली असतीस तर माझी शोभा झाली असती. तू बोलली नाहीस. तू ते नाव घेतलंस, सगळ्यांना ऐकू जाईल असं. टाळ्या पडल्या. मी तुला पैकीच्या पैकी दिले आणि वर म्हणाले, "पडलं का आभाळ?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या धुळ्याच्या गाडीने तू गेलीस. त्यानंतर शहजादीने मला सांगितलं की तुझे मालक सुरतेला कामाला गेले, त्याला दोन दिवाळ्या झाल्या आणि पत्र नाही, निरोप नाही. मला हे ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं म्हणून सुटका होत नाही. मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्यासाठी तुझ्या हातात तेवढंच होतं, नाव तोंडी येऊ न देणं. तेही मी तुझ्याकडून काढून घेतलं, आणि गुण दिले. मला स्वतःची फार लाज वाटते.

काल वर्गात सगळं सांगितलं. डब्याचंही. मग शहजादी उभी राहिली. "बाई, मग आमच्या चिठ्ठ्या?" मी म्हटलं, "त्या खऱ्या होत्या." एकीच्याही चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. सगळ्यांचे गुण मी रद्द केलेत. पाहुण्यांना हा खेळ दुसरीकडेही न्यायचा होता. त्यांनाही कळवलंय की तो मी कसा खेळले.

खेळ शनिवारी पुन्हा आहे. चिठ्ठ्या पोरी लिहिणार, डबा भिकुबाई धरणार. तू आली नाहीस तर तुझं वर्ष बुडेल, आणि ते माझ्यामुळे. आलीस तर माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही.

वर "सौ." लिहिलंय ते सवयीने नाही, विचार करून. आणि या पत्रात ते नाव मी कुठेही लिहिलेलं नाही.

शनिवारी पेशंट मी होणार आहे. चिठ्ठी कुठलीही निघो, तू ती मोठ्याने वाचू नकोस. खाटेजवळ ये आणि त्या दिवशी विचारलं होतंस तसंच विचार. मी शुद्धीवर असेन. नाव मी सांगेन.

तुझी माफी मागणारी,
यशोदा