वहीच्या कोपऱ्यातल्या तिघी

डोणगाव, मंगळवार, १४ जून १९६६

कुसुम उद्या अकोल्याले कॉलेजात चालली. जाता-जाता आमची आठवीतली भूगोलाची वही पाहायले आली. वहीच्या कोपऱ्यांवर मी पानोपानी आम्हा तिघी मैत्रिणींना काढलं होतं. पानं भरभर सोडली की आम्ही मलकापूरच्या फलाटावर धावतो. कुसुम अन् शांता गाडीत चढतात. मी खाली उभी राहून हात हलवते.

"तू काऊन नाही चढली वं?" कुसुमनं विचारलं.

शांता लग्न होऊन सुरतेले गेली. बाबा मले कॉलेजात पाठवत नाहीत, हे खरं. पण आठवीत कोणी अडवलं होतं? ती हात हलवणारी मीच काढली.

कुसुम गेल्यावर पेन्सिल घेऊन बसले. वहीत एकच पान कोरं उरलं आहे. एका पानात कोणाले गाडीत चढता येत नाही.